बेचाळीस हजार भरण्याआधी

पत्र : "दादा, नमस्कार. धाराशिव जिल्ह्यात आमची अडीच एकर कोरडवाहू जमीन आहे. मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातात. मी शिवण करते, सुगीत रोजंदारीला जाते. मुलगी गेल्या वर्षी बारावी सायन्स ५७ टक्क्यांनी पास झाली. नीट दिली, जमलं नाही, वर्ष घरीच गेलं. तिला विजेच्या कामाची फार आवड आहे. विहिरीवरचा स्टार्टर बिघडला की तीच खोलून बसते. तालुक्याला एक सेंटर आहे. ते म्हणतात, एक वर्षाचा शासनमान्य इलेक्ट्रिकल डिप्लोमा करा, फी बेचाळीस हजार, नोकरीची हमी. निम्मे पैसे महिनाअखेर भरायचे आहेत. दीर म्हणतात, आयटीआय हे काय पोरीचं काम आहे का. गावातला एक मुलगा सांगतो, बारावीवर सरकार महिन्याला सहा हजार देतं, तेच घ्या. धाकटा यंदा दहावीला गणितात राहिला, गॅरेजवर जातो. योजना इतक्या कानावर येतात की काही सुचत नाही. आमच्यासाठी नेमकी कोणती? आणि माझं वय एक्केचाळीस. मलाही काही शिकता येईल का?"

सप्रेम नमस्कार, ताई.

आधी पैशांचं बोलू, कारण तिथे तारीख जवळ आली आहे. महिनाअखेरची ती रक्कम भरू नका. ते सेंटर फसवंच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण सेंटरच्या फलकावर 'शासनमान्य' लिहिलेलं असतं, त्यावरून काहीच कळत नाही. मान्यता कोणाची आहे, हे विचारायचं असतं. इंजिनीअरिंगचा डिप्लोमा असेल तर तो दहावीनंतर तीन वर्षांचा असतो, परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं आणि तंत्रनिकेतनाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता लागते. एका वर्षात पूर्ण होणारा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा या वाटेवर बसत नाही. आयटीआयचा ट्रेड असेल तर इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा असतो आणि प्रमाणपत्र केंद्राच्या राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण व्यवस्थेतून येतं. राज्याचं कौशल्य, व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण मंडळही छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतं, ते खरे असतात. पण त्यांना अभ्यासक्रमाचा कोड असतो, संस्थेला संलग्नता क्रमांक असतो. सेंटरवाल्यांना सांगा, मंडळाचं नाव, संस्थेचा क्रमांक आणि कोर्सचा कोड एका कागदावर शिक्का मारून द्या. ज्यांच्याकडे खरं असेल ते पाच मिनिटांत देतील. तो कागद घेऊन जवळच्या शासकीय आयटीआयच्या प्राचार्यांना दाखवा. ते सांगतील की या प्रमाणपत्रावर पुढे कोणत्या भरतीला अर्ज करता येतो. मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच वाटतो.

आणि नोकरीची हमी. सरकारी नोकरीची हमी कोणालाही विकता येत नाही. खासगी नोकरीची हमी असेल तर कंपनीचं नाव, पगार आणि अट लेखी मागा. आणखी एक खूण लक्षात ठेवा. केंद्राची कौशल्य विकास योजना असो की ग्रामीण तरुणांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, प्रशिक्षणाचा खर्च सरकार भरतं, मुलांकडून फी घेत नाहीत. सरकारी योजनेचं नाव सांगून कोणी फी मागत असेल तर तिथून उठायचं.

आता मुलीचं.

मी आयटीआयमध्ये शिल्पनिदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारा शिक्षक, म्हणून बरीच वर्षं काढली. त्या अनुभवावरून तुम्हाला एकच गोष्ट ठासून सांगतो. योजनेपासून सुरुवात करू नका, कामापासून करा. मुलीला कोणतं काम करायचं आहे, ते काम आसपास कोण देतं आणि देणारा माणूस कोणतं प्रमाणपत्र मागतो, या क्रमाने चला. योजना या वाटेवरचा खर्च कमी करण्यासाठी आहेत. वाट त्यांनी ठरवायची नसते. मी पाहिलेल्या बहुतेक मुलांची वर्षं इथेच वाया गेली. जिथे विद्यावेतन जास्त तिथे गेली, सहा महिन्यांनी दुसरीकडे गेली आणि पंचविशीत हातात पाच कागद होते, पण एकाही कागदावर कोणी कामावर घेईना.

तुमच्या मुलीचं भाग्य असं की तिचं काम तिला आधीच सापडलं आहे. विजेचं. आणि तुमच्याच जिल्ह्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत, शेतांत सौर पंप बसताहेत, छपरांवर सौर पॅनेल चढताहेत. हे सगळं जोडणारी आणि दुरुस्त करणारी माणसं लागतातच. महावितरणमध्ये विद्युत सहायक होण्यासाठी मुख्यतः इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडचं प्रमाणपत्र लागतं. निवड झाली की पहिली तीन वर्षं ठरावीक मानधन आणि नंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित वेतनश्रेणी. महिलांसाठी समांतर आरक्षण आहे. खांबावर चढून काम करणाऱ्या महिला जनमित्र, म्हणजे महावितरणच्या लाइनवरच्या कर्मचारी, आज महाराष्ट्रात आहेत, दिरांना हे सांगा. आयटीआयमध्येही ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत आणि माझ्या वर्कशॉपमध्ये ज्या मुली आल्या त्यांनी मोटर वाइंडिंग करताना जी सफाई दाखवली, ती मी मुलांना बोलावून दाखवत असे. स्टार्टर खोलून बसणारी मुलगी पहिले काही आठवडे कानस आणि हॅकसॉ चालवून कंटाळेल, हे खरं. तिला सांगा, ते सगळ्यांनाच करावं लागतं. त्यानंतर अर्थिंग, वायरिंग, मेगर या मापकाने इन्शुलेशन तपासणं, मोटर, ट्रान्सफॉर्मर असं सगळं येतं.

तिच्यापुढे खरं तर दोन रस्ते आहेत आणि दोन्ही दोन वर्षांचे. एक आयटीआय. दुसरा तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, कारण ती बारावी सायन्स आहे. त्यासाठी बारावीचे कोणते विषय चालतात ते यंदाच्या माहितीपुस्तिकेत नीट वाचा. डिप्लोमा झाला तर कनिष्ठ अभियंत्याच्या पदांपर्यंत अर्ज करता येतो, पुढे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. फीची चिंताही पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०२४-२५ पासून राज्याने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं आहे. त्यात तंत्रनिकेतनंही येतात. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या विमुक्तांच्या मुलांसाठी शुल्काच्या योजना आधीपासून आहेत. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून सगळंच सांगितलं.

मग मी आयटीआय का म्हणतो? तुमच्या पत्रातून दोन गोष्टी दिसल्या. तिला हाताने काम करायला आवडतं, आणि घराला लवकर मिळकत हवी आहे. थेट दुसऱ्या वर्षाला बसलेल्या मुलांना पहिल्या वर्षाचं गणित आणि इंजिनीअरिंगचा पाया स्वतःच भरून काढावा लागतो. नीटची तयारी केलेल्या मुलांचं गणित बहुतेक वेळा मागे पडलेलं असतं. हॉस्टेल आणि खानावळ हा खर्चही वेगळा. आयटीआय तालुक्याला एसटीने जाऊन करता येते आणि विशेष म्हणजे डिप्लोमाचं दार त्यामुळे बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. म्हणजे दोन वर्षांनी ती कमावत असेल आणि मन झालं तर पुढेही जाईल. पण मुलीचं गणित चांगलं असेल आणि तिलाच डिप्लोमा हवा असेल, तर माझ्या म्हणण्यावर अडू नका. निर्णय तिला घेऊ द्या.

आयटीआयच्या प्रवेशात लोक कुठे चुकतात ते सांगतो. प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतो आणि गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. बारावीचे ५७ टक्के तिथे बघत नाहीत. तिची दहावीची गुणपत्रिका काढून ठेवा. इलेक्ट्रिशियनला मागणी खूप असते, म्हणून विकल्प भरताना एकाच संस्थेवर भिस्त ठेवू नका. तालुक्याची, शेजारच्या तालुक्याची, जिल्ह्याची अशा संस्था टाका आणि इलेक्ट्रिशियननंतर वायरमन टाका. मात्र पहिला विकल्प विचार करून भरा. पहिल्या विकल्पाची जागा मिळाली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. अर्ज भरल्यावर कोणत्याही आयटीआयमध्ये जाऊन मूळ कागद दाखवून तो निश्चित करावा लागतो. खूप पालक मोबाइलवर अर्ज भरतात आणि निश्चितीला जात नाहीत, तो अर्ज यादीत येतच नाही. बारावीनंतर एक वर्ष मध्ये गेलं आहे, त्यासाठी साधं स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र मागतील, घाबरू नका. वयाची वरची अट आयटीआयला नाही.

शासकीय आयटीआयची फी थोडकी असते. खासगी आयटीआयला जावं लागलं तर प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घ्या, म्हणजे फी परत मिळण्यासाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज करता येतो. थेट संस्थेत जाऊन व्यवस्थापनाच्या जागेवर प्रवेश घेतला तर तो हक्क जातो, आणि हे संस्थेतला कारकून स्वतःहून सांगत नाही. प्रशिक्षणार्थ्यांना विद्यावेतनही आहे. १९८३ पासून ते दरमहा ४० रुपये होतं. चाळीस वर्षं चाळीस रुपये! २०२३ मध्ये राज्याने ते ५०० केलं. पाचशेत काही होत नाही असं म्हणाल, पण मला त्या चाळीस रुपयांसाठी रांगेत उभी राहणारी मुलं आठवतात, म्हणून सांगतो, अर्ज करायचाच. एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो. त्यासाठी संस्थेचा दाखला पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांबण लावलं ती. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी. आमच्याकडे मुलं हिला 'अप्रेंटिस' म्हणतात आणि बरीच जण ती टाळतात, कारण लगेच कुठेतरी दहा-बारा हजारांवर कंत्राटी काम मिळतं. माझं मत असं की सरकारच्या सगळ्या योजनांमध्ये तरुण मुलांसाठी हिच्याएवढी भक्कम गोष्ट दुसरी नाही. हिच्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं काम करतात, तिला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे ही मेहरबानी नाही, कंपनीवर बंधन आहे. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन दरमहा ७,००० रुपये धरलं होतं. करार करताना त्या वेळचा आकडा तपासा. त्याहून जास्त देणाऱ्या कंपन्याही असतात.

दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडनंतर ही उमेदवारी एका वर्षाची. शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयच्या प्रमाणपत्राशेजारी हे दुसरं लागलं की भरतीचं चित्र बदलतं. रेल्वेत स्वतःच्या कारखान्यांत आणि शेडमध्ये उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी लेव्हल-१ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वेतनपातळीच्या पदांच्या, थेट भरतीत २० टक्के जागा वेगळ्या ठेवल्या जातात. महावितरण, एसटी महामंडळ, रेल्वे आपापल्या जाहिराती काढून उमेदवार घेतात. रेल्वेची निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर होते, लेखी परीक्षा नसते. म्हणून आयटीआयची दोन वर्षं मुलीने 'पास झालं की पुरे' अशी काढू नयेत. तिथला प्रत्येक टक्का पुढे मोजला जातो.

एक सावधगिरी. काही ठिकाणी मुलांना 'ट्रेनी' म्हणून घेतात, वर्षभर पूर्ण कामगारासारखं राबवतात आणि शेवटी अनुभवाचं एक पत्र देतात. ती शिकाऊ उमेदवारी नव्हे. खऱ्या उमेदवारीत केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करार नोंदला जातो, त्याचा क्रमांक असतो आणि तो करार मुलीला स्वतःच्या खात्यात उघडून बघता येतो. कामावर जायच्या पहिल्या आठवड्यात तो दिसला नाही तर विचारायचं. अडचण आली तर जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र असतं, तिथे शिकाऊ उमेदवारी पाहणारे अधिकारी बसतात. आम्ही त्याला नुसतं बीटीआरआय म्हणतो.

पुढे कधी तिला वीजजोडणीची कामं स्वतः करायची झाली तर तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा, परवाना लागेल. त्यालाही हीच दोन प्रमाणपत्रं आधाराला येतात.

सहा हजारांचं काय, असं तुम्ही विचाराल. ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ मध्ये सुरू झाली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, वय १८ ते ३५. आधी सहा महिन्यांची होती, मग मुदत अकरा महिने केली. घरात पैसा येतो, कार्यालयातल्या कामाची ओळख होते, हे चांगलंच आहे. पण शिक्षण सुरू असलेल्याला ती घेता येत नाही. म्हणजे सहा हजार घ्यायचे तर आयटीआयचा प्रवेश सोडावा लागेल. आणि मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतो. मुदत संपलेल्या हजारो मुलांनी आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनं केली, ती तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. त्या मुलांचं दुःख मला कळतं. वर्षभर पंचायतीत, शाळेत, दवाखान्यात त्यांनी खरं काम केलं आणि हातात असं प्रमाणपत्र आलं नाही ज्याच्यावर एखादा ट्रेड उभा राहील. तुमच्या मुलीचं एक वर्ष आधीच गेलं आहे. दुसरं सहा हजारांसाठी देऊ नका. तेव्हा योजना चालू असेल तर आयटीआयनंतर भरतीची वाट बघण्याच्या काळात ती आठ हजारांनी तिथे जाऊ शकेल.

कागदांचं मात्र आजपासूनच सुरू करा. मुलांचे प्रवेश हुकलेले मी सगळ्यात जास्त याच कारणाने पाहिले आहेत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला. हे सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतात. जून-जुलैत तिथे एवढी गर्दी होते की दाखला येतो तोवर फेरी संपलेली असते. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली ठरलेल्या मुदतीत देणं बंधनकारक आहे, म्हणून अर्जाची पावती जपून ठेवा. मुदत उलटली तर त्याच पावतीवर अपील करता येतं. राखीव प्रवर्गातून डिप्लोमाकडे जाण्याचा विचार असेल तर जात वैधतेचा अर्ज लगेच टाका, त्याला खरोखर वेळ लागतो.

बँक खात्याचंही बघा. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. इथे एक घोटाळा नेहमी होतो. बँकेत केवायसी झालं म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. पण खातं आधारला 'सीड' झालेलं असावं लागतं, हे वेगळं काम आहे. बँकेत जाऊन नेमकं हेच विचारा : "थेट लाभाचे पैसे याच खात्यात येतील ना?" आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा. वडिलांच्या नावात एक वेलांटी चुकली म्हणून वर्षभर पैसे अडकलेली मुलं माझ्या वर्गात होती.

धाकट्याबद्दल थोडक्यात. एका विषयात राहणं म्हणजे काही संपलं नाही. पुरवणी परीक्षा याच पावसाळ्याच्या तोंडावर होते, तिचा अर्ज शाळेतून भरायचा. तारीख निघून जाऊ देऊ नका, उद्याच शाळेत जा. एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर अकरावीत बसता येतं. गॅरेजची गोडी लागली असेल तर ती मोडू नका, पण गणित सोडवून घ्याच, कारण डिझेल मेकॅनिकसारख्या ट्रेडला दहावी पास लागते. नाहीच सुटलं तर वेल्डर, प्लंबर, वायरमन असे काही ट्रेड दहावी नापासालाही खुले आहेत. वेल्डर एका वर्षात होतो आणि चांगल्या वेल्डरला काम शोधावं लागत नाही. गॅरेजच्या मालकाला विचारा, संध्याकाळी दोन तास आधी सोडतील का. महिनाभराचाच प्रश्न आहे.

आता तुमचं. पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत विचारलंत. मला वाटतं तो प्रश्न आधी यायला हवा होता.

वय अडसर नाही. प्रत्येक जिल्ह्यात ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे, जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. लोक तिला आरसेटी म्हणतात. ही कल्पना कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेवरून आली. तिथे धर्मस्थळाने आणि दोन बँकांनी मिळून बेरोजगार तरुणांना संस्थेत ठेवून शिकवायला सुरुवात केली होती. आरसेटीत राहणं, जेवण, शिकवणं सगळं मोफत असतं. महिलांच्या शिवणकामाचा वर्ग साधारण महिनाभराचा असतो. तुम्हाला शिवण येतंच, म्हणून फार काय नवं मिळणार असं वाटेल. मिळतं ते कटिंगमधली अचूकता, शाळेच्या गणवेशांसारख्या मोठ्या ऑर्डरचा हिशोब, बँकेचं कर्जप्रकरण कसं लिहायचं याची तालीम आणि नंतर दोन वर्षं संस्थेचा पाठपुरावा. बँकच शिकवते, त्यामुळे पुढे कर्ज मागायला गेलं की मॅनेजर ओळखीचा असतो. हा फायदा छोटा नाही.

दुसरी पीएम विश्वकर्मा योजना, सप्टेंबर २०२३ पासूनची. अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळते आणि घरात कोणी सरकारी नोकरीत नसावं लागतं. नोंदणी सीएससी केंद्रावर, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामं करून देणाऱ्या सेवा केंद्रावर, मोफत होते, पहिली पडताळणी तुमच्याच ग्रामपंचायतीत. शिंपी गटाची नोंदणी सध्या घेतात का, तेवढं केंद्रावर आधी विचारा. घेत असतील तर व्हाउचरमधून मोटरचं मशीन येतं का बघा. कर्ज मात्र लगेच उचलू नका. एक लाख मंजूर झाले म्हणून एक लाख घ्यायचे नसतात. आधी दोन महिने वहीत लिहा, आठवड्याला किती ब्लाउज, किती फॉल-पिको, किती हातात राहिले. त्या आकड्यावर हप्ता बेता. मुलीची पहिली दोन वर्षं घरात नवी मिळकत येणार नाही, म्हणून ओझं वाढवायचं नाही.

आरसेटीला फोन करून पुढची शिवणाची बॅच कधी आहे ते विचारा. महिनाभर घर सोडणं अवघड आहे हे मला कळतं, पण सुगीच्या दिवसांच्या मध्ये एक बॅच सापडते. मालकांना आणि दोन्ही मुलांना बसवून आधीच सांगा की त्या महिन्यात स्वयंपाक त्यांनी करायचा. आणि मुलीच्या अर्जाच्या निश्चितीला जिल्ह्याच्या आयटीआयमध्ये जाणार असाल तर त्याच दिवशी आरसेटीत नाव नोंदवून या, एका फेरीत दोन्ही होईल. जाताना आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि चार फोटो बरोबर ठेवा.